हायस्कूलचं बेसबॉल मैदान कसं राखायचं: मार्चच्या चिखलापासून सामन्याच्या संध्याकाळपर्यंत

मार्चच्या सुरुवातीला कोचचा ईमेल येतो: शनिवारी सकाळी आठ वाजता ‘फील्ड डे’, फावडी आणि दंताळी घेऊन या. मुलगा हायस्कूलच्या बेसबॉल संघात निवडला गेला की अमेरिकेतल्या मराठी आईबापांना हा ईमेल ठरलेला. तिथे जाऊन करायचं काय, हे मात्र त्यात लिहिलेलं नसतं. मी न्यू जर्सीच्या मध्य भागात राहतो. मुलगा नववीत असल्यापासून त्याच्या शाळेच्या मैदानावर काम करतोय. तो कॉलेजला गेला, मी अजून जातो. पहिल्या वर्षी मला कुणी नीट सांगितलं असतं तर बऱ्याच चुका टळल्या असत्या, म्हणून हे सविस्तर लिहितो आहे.

क्रिकेट बघत वाढलेल्या माणसाला वाटतं, इथे चेंडू टप्पा न घेता येतो, तेव्हा मातीला फारसं महत्त्व नसणार. प्रत्यक्षात मारलेला चेंडू मातीवरून सरपटत शॉर्टस्टॉपच्या (सेकंड आणि थर्ड बेसच्या मधल्या क्षेत्ररक्षकाच्या) अंगावर येतो, आणि माती एकसारखी नसेल तर नेमका शेवटच्या टप्प्याला उसळतो. अशा चेंडूने ओठ फुटलेला मुलगा मी जवळून पाहिला आहे. तेव्हापासून नवा स्कोअरबोर्ड हवा की माती हवी, असा प्रश्न आला की मी दरवेळी मातीच्या बाजूने हात वर करतो.

या मातीची गुरुकिल्ली आपल्या भाषेत आधीपासून आहे: वाफसा. जमीन ओलीही नाही, कोरडीही नाही, मूठ वळली तर वळते आणि बोटाने ढकलली तर भुगा होते, अशी अवस्था. पेरणीला लागतो तोच वाफसा इनफील्डला, म्हणजे बेसेसच्या आसपासच्या आतल्या मैदानाला, लागतो. पुढे जे काही सांगणार आहे त्यातलं निम्मं काम हा वाफसा आणण्याचं आणि टिकवण्याचं आहे.

आधी विचारून घ्या

मैदान शाळेच्या मालकीचं असतं. अॅथलेटिक डायरेक्टर आणि शाळेचा ग्राउंड्स विभाग यांच्या परवानगीशिवाय कशालाही हात लावू नका. दोन कामं तर पालकांनी परस्पर करायचीच नाहीत.

एक, खणकाम. कुंपणाचा एक खांब रोवायचा असला तरी आधी ८११ ला फोन करून जमिनीखालच्या गॅस, वीज, फोनच्या लाइनींच्या खुणा करून घ्यायच्या असतात. ही सेवा अमेरिकाभर फुकट आहे. मैदानाच्या स्प्रिंकलरच्या नळ्या मात्र शाळेच्या स्वतःच्या असतात, त्यांच्या खुणा ८११ करून देत नाही. त्यांचा नकाशा ग्राउंड्स विभागाकडून मागून घ्या.

दुसरं, तणनाशक. न्यू जर्सीत शाळांच्या आवारातल्या कीड-तण नियंत्रणासाठी २००२ पासून वेगळा कायदा आहे, आणि फवारणी परवानाधारक माणसानेच करायची असते. गराजमधली बाटली घरीच राहू द्या. तण हाताने उपटता येतं, आणि वीस पालक असले की तासाभरात इनफील्डची माती स्वच्छ होते.

मैदान चालून पाहा, शक्यतो पावसानंतर

‘स्किन’ म्हणजे इनफील्डचा गवत नसलेला, मातीचा भाग. हा शब्द सतत कानावर पडेल. होम प्लेटच्या (बॅटर जिथे उभा राहून चेंडू मारतो त्या जागेच्या) मागे बॅकस्टॉप, म्हणजे चेंडू अडवणारी उंच जाळी, असते, प्लेटपासून साधारण ६० फुटांवर. प्लेटभोवती २६ फूट व्यासाचं मातीचं वर्तुळ. पुढे ९० फूट बाजूचा चौरस, कोपऱ्यावर उभा केलेला; होम आणि तीन बेस त्याच्या चार कोपऱ्यांवर. त्यात पिचरचा, म्हणजे चेंडू टाकणाऱ्याचा, माउंड: मातीचा उंचवटा, १८ फूट व्यासाचा. बेसेसच्या मागे माती जिथे संपते ती कमान पिचरच्या रबरपासून (माउंडवर तो पाय टेकवतो त्या पट्टीपासून) ९५ फूट त्रिज्येची. त्यापलीकडे आउटफील्डचं गवत, मग दहा-पंधरा फुटांचा वॉर्निंग ट्रॅक (कुंपण जवळ आलं हे खेळाडूला कळावं म्हणून ठेवलेला पट्टा), मग कुंपण. हायस्कूलसाठी शिफारस अशी की कुंपण फाउल लाइनवर (होमपासून फर्स्ट आणि थर्डवरून पुढे जाणाऱ्या, खेळाची हद्द ठरवणाऱ्या रेषांवर) निदान ३०० फूट आणि मधोमध ३५० फूट किंवा जास्त असावं. जुन्या शाळांना रस्ता किंवा शेजारची घरं आडवी येतात, तिथे हे जमत नाही, मग कुंपण उंच करून भागवतात.

होम प्लेटवरून सेकंड बेसकडे जाणारी रेषा पूर्व-ईशान्येकडे असावी असं नियमपुस्तक सुचवतं. दुपारी चारच्या सामन्यात सूर्य बॅटरच्या पाठीशी राहतो. तो राइट फील्डरच्या मात्र थेट डोळ्यांत येतो, म्हणून त्या पोराची सनग्लासेस घरी राहिली तर संध्याकाळच्या इनिंगमध्ये खरोखर अडचण होते.

आता पाहणी. पाऊस थांबल्यावर तासाभराने जा आणि डबक्यांचे फोटो काढून ठेवा. कोरड्या दिवशी खोलगट जागा डोळ्यांना दिसत नाहीत. मग गवत आणि माती मिळतात त्या काठावरून पाय घासत चाला. काठाशी उंचवटा लागला तर तो ‘लिप’. खेळताना उडालेली माती गवताच्या मुळाशी अडकत जाते आणि बांध तयार होतो. पाणी त्याच्या आड तुंबतं, आणि चेंडू त्याच्यावर आपटून उसळतो. माझ्या मते पाहणीत सर्वांत आधी शोधायची गोष्ट हीच.

आखणी: गुण्यात बसवणं

बेस बसवायच्या लोखंडी नळ्या जमिनीत पुरलेल्या असतात, पण बर्फ पडून-वितळून जमीन हलते, म्हणून दरवर्षी मोजून घ्यावं. लागतील त्या वस्तू: दोन स्टीलच्या टेप (कापडी टेप ताणली जाते), खुंट्या, पक्की दोरी, हातोडी.

सगळी मापं होम प्लेटच्या मागच्या टोकापासून निघतात. प्लेट १७ इंच रुंद असते आणि तिचं मागचं टोक म्हणजेच दोन्ही फाउल लाइनी मिळतात तो बिंदू. तिथे खुंटी ठोका. तिथून सेकंड बेसच्या मध्यबिंदूपर्यंत १२७ फूट ३ ३/८ इंच मोजा. नव्वदच्या वर्गाची दुप्पट करून वर्गमूळ काढलं की हेच येतं. शाळेतलं पायथागोरसचं प्रमेय इतक्या उघडपणे कामाला आलेलं मी दुसरीकडे पाहिलेलं नाही. मग एक टेप होमवर, दुसरी सेकंडच्या मध्यावर धरा. दोन्हींचे ९० फूट जिथे एकमेकांना छेदतात तो फर्स्ट बेसचा बाहेरचा, मागचा कोपरा. दुसऱ्या बाजूला तसाच थर्ड. शेवटी फर्स्ट ते थर्ड कर्ण मोजा. तोही १२७ फूट ३ ३/८ इंच आला की चौरस गुण्यात आहे, असं आपले गवंडी म्हणतात तसं बिनदिक्कत म्हणा.

इथे नवख्यांची हमखास एक चूक होते. फर्स्ट आणि थर्ड बेस पूर्णपणे चौरसाच्या आत बसतात, सेकंड मात्र मध्यावर. हायस्कूलची बेस १५ इंची असते (मेजर लीगने २०२३ पासून १८ इंची केली). म्हणजे फर्स्टच्या पुरलेल्या नळीचा मध्य लाइनवरून ८९ फूट ४ १/२ इंचांवर आणि लाइनच्या आत ७ १/२ इंच यायला हवा. नळीचा मध्य बरोबर ९० फुटांवर घेतला की बेस बाहेर सरकते, आणि फाउल की फेअर यावर प्रत्येक सामन्यात वाद होतात.

होम ते सेकंड ताणलेली दोरी तशीच ठेवा. पिचरचा रबर, म्हणजे २४ इंच लांब आणि ६ इंच रुंद पांढरी पट्टी, या दोरीवर मधोमध येते. तिची पुढची कड होमच्या टोकापासून ६० फूट ६ इंचांवर. हे अंतर १८९३ पासून बदललेलं नाही. पुष्कळ जण रबर चौरसाच्या केंद्रात असेल असं धरून चालतात. केंद्र सुमारे ६३ फूट ८ इंचांवर येतं, म्हणजे रबर होमच्या बाजूला तीन फूट पुढे आहे. रबर तिरकी बसली नाही ना हे पाहायला तिच्या पुढच्या दोन्ही कोपऱ्यांपासून होमच्या टोकापर्यंत वेगवेगळं मोजा. दोन्ही आकडे एकच यायला हवेत.

माउंड

संपूर्ण मैदानात सर्वांत जास्त जीव लावायची जागा ही. पिचर एका सामन्यात शंभरच्या आसपास चेंडू टाकतो, आणि प्रत्येक वेळी त्याचा पुढचा पाय त्याच एका वीतभर जागेत आपटतो. तिथे खड्डा पडला की पाय मुरगळतो, आणि पाय सांभाळायला गेला की खांद्यावर ताण येतो. सोळा वर्षांच्या मुलाच्या खांद्याचा प्रश्न असतो हा.

माप असं: रबरचा माथा होम प्लेटपेक्षा १० इंच उंच. (मेजर लीगमध्ये ही उंची १५ इंच होती. १९६८ च्या मोसमात पिचर इतके भारी पडले की १९६९ मध्ये ती १० वर आणली.) रबरभोवती सपाट टेबल, ५ फूट रुंद आणि ३४ इंच खोल: रबरच्या पुढे ६ इंच, रबर ६ इंच, मागे २२ इंच. पुढच्या सहा इंचांनंतर उतार सुरू होतो, फुटाला एक इंच.

उंची मोजायला लेझर लेव्हल मिळाली तर उत्तम. आमच्याकडे नव्हती. मी हार्डवेअरच्या दुकानातून सत्तर फूट पारदर्शक नळी आणली, पाणी भरलं आणि आपल्याकडे गवंडी लेव्हल घेतात तशी घेतली. नळीत बुडबुडा राहू द्यायचा नाही, एवढंच पथ्य. इंचाच्या आठव्या भागापर्यंत बरोबर आली.

उतारासाठी एक फळी बनवून ठेवा. सहा फूट लांब, एका टोकाला शून्य आणि दुसऱ्या टोकाला ६ इंच जाडी होईल अशी तिरकी कापायची. निमुळतं टोक रबरच्या पुढे सहा इंचांवर, जाड टोक होमकडे, वर पाणसळ. बुडबुडा मध्ये आला की उतार बरोबर. आमची फळी शेडमध्ये खिळ्याला टांगलेली असते आणि तिच्यावर मोठ्या अक्षरात ‘होमकडे’ लिहिलं आहे, कारण एकदा ती उलटी धरून अर्धा तास काम झालं होतं.

माउंडची माती इनफील्डच्या मातीपेक्षा वेगळी, जास्त चिकण लागते. ती पिशव्यांत किंवा कच्च्या, न भाजलेल्या विटांच्या रूपात विकत मिळते. विटा टेबलवर आणि पाय पडतो त्या जागेत खोल बसवल्या की वर्षभर टिकतात. पैसे थोडेच असतील तर ते इथेच घाला.

आता खड्डा बुजवण्याची रीत, जी मी चूक करून शिकलो. पहिल्या मोसमात मी खड्ड्यात पिशवीतली कोरडी माती ओतली, धुम्मसाने घाव घालून घालून चोपली, वरून एकदम गुळगुळीत दिसली. दुसऱ्या इनिंगमध्ये ती ताटलीएवढी चकती होऊन अख्खी उचकटली आणि आमचा पिचर गुडघ्यावर पडला. शाळेत अनेक वर्षं मैदान सांभाळून निवृत्त झालेले एक आजोबा कुंपणापाशी उभे होते. त्यांनी सामना संपल्यावर मला ती चकती हातात दिली आणि तिची खालची बाजू दाखवली: कोरडी ठक्क, एखाद्या बशीसारखी. ओलावा नव्हता म्हणून सांधा जुळलाच नव्हता. नंतर त्यांनी स्वतः करून दाखवलं ते असं.

खड्ड्यातली सुटी माती खराट्याने झाडून पूर्ण काढायची, खालचा घट्ट थर उघडा पडेपर्यंत. त्या थरावर पाण्याचा हलका फवारा मारायचा आणि चकाकी जाईपर्यंत थांबायचं. हे थांबणं महत्त्वाचं, लगेच माती टाकली तर राडा होतो. मग दंताळ्याच्या दातांनी तो थर किंचित खरवडायचा. भरायची चिकणमाती आधीच भिजवून ठेवलेली, हातात घेतली तर गोळा होईल पण हाताला चिकटणार नाही अशी. एका वेळी इंचभरच थर घालायचा, टाचेने दाबायचा, मग धुम्मस. धुम्मसाच्या तळाला माती चिकटते म्हणून जुना टॉवेल गुंडाळायचा. थर चढला की पुन्हा थोडं पाणी, पुन्हा थर. शेवटी वर कॅल्साइन्ड क्लेचा (भाजलेल्या चिकणमातीच्या दाण्यांचा) पातळ शिडकाव, म्हणजे पोरांच्या बुटांना चिकणमाती लागत नाही.

बॅटर आणि कॅचर उभे राहतात तिथेही याच रीतीने, याच मातीने.

इनफील्डची माती आणि वाफसा

स्किनच्या मिश्रणात वाळू साधारण साठ-सत्तर टक्के असते, उरलेला पोयटा आणि चिकणमाती. चिकणमाती पाणी धरून ठेवते आणि घट्टपणा देते, वाळू निचरा करते. आपल्याकडचं प्रमाण काय आहे हे घरच्या घरी कळतं. काचेच्या बरणीत एक तृतीयांश माती, बाकी पाणी, जोरात हलवून टेबलावर ठेवा. वाळू मिनिटभरात तळाशी बसते, पोयटा काही तासांत, चिकणमाती बसायला दिवस किंवा जास्त लागतो. थर मोजपट्टीने मोजा. अचूक आकडे हवे असतील तर न्यू ब्रन्सविकच्या रटगर्स विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत माती तपासून मिळते. मैदान फार मऊ वाटतं म्हणून कुणी ट्रकभर वाळू मागवायला निघालं असेल तर आधी हा तपास करायला लावा. नको तितकी वाळू पडली तर बेसपाशी मुलांचे पाय घसरतात, आणि ती पुन्हा वेगळी काढता येत नाही.

मातीच्या वर पाव ते अर्धा इंच कॅल्साइन्ड क्लेचा थर असतो, म्हणजे उच्च तापमानाला भाजलेले चिकणमातीचे बारीक दाणे. ते जास्तीचं पाणी शोषतात आणि खालचा ओलावा टिकवतात.

पाणी द्यायची पद्धत शेतासारखीच. सामन्याच्या आदल्या संध्याकाळी सावकाश, खोल मुरेल असं पाणी. दुसऱ्या दिवशी सकाळी एकदा, आणि सामन्याच्या आधी फक्त वरचा रंग गडद होईल इतका फवारा. ऐन वेळी पाईप सोडून भरपूर पाणी मारलं तर वर चिखल आणि खाली दगड अशी अवस्था होते. परीक्षा सोपी: अंगठा दाबा. ठसा उमटला, पण माती अंगठ्याला लागली नाही, तर वाफसा आला. ठसा उमटतच नसेल तर चेंडू फरशीवर उडतो तसा उडेल.

ड्रॅगिंग म्हणजे छोट्या गाडीमागे किंवा हाताने जाळी ओढून पृष्ठभाग सारखा करणं. वरचा थर दाबून घट्ट झाला असेल तर आधी खिळ्यांची फळी फिरवा, पाव इंच खरवडेल इतकीच, मग लोखंडी जाळी. आधी बेस काढून नळ्यांना बुचं लावा, नाही तर नळीत माती भरते. गाडी चालण्याच्या वेगाने. भरधाव गेली की जाळी माती उडवत गवतात नेते. गवताच्या काठापासून फूटभर आत राहा, तो पट्टा हाताने दंताळ्याने करायचा. बेसपाथवर (बेस ते बेस धावण्याच्या वाटेवर) दंताळं लांबीच्या दिशेने ओढा, आडवं ओढलं की माती दोन्ही काठांवर जाते आणि मध्ये चर पडतो. आज घड्याळाच्या दिशेने फिरलात तर उद्या उलट, आणि दरवेळी वेगळ्या ठिकाणी थांबा, कारण जाळी जिथे थांबते तिथे मातीचा ढीग राहतो. तो ढीग पसरून मगच जाळी उचलून बाहेर न्यायची, ओढत नाही.

लिप येऊ नये म्हणून प्रत्येक सामन्यानंतर काठावरची माती ताठ खराट्याने किंवा ब्लोअरने परत स्किनवर आणा. दहा मिनिटांचं काम आहे. हे वर्षभर टाळलं तर गवताची पट्टी कापून, खालची माती काढून, पट्टी पुन्हा बसवावी लागते, आणि त्याला दोन शनिवार जातात.

पावसाच्या दिवशी

डबकं दिसलं की हात शिवशिवतात आणि माणूस झाडूने पाणी गवताकडे लोटायला लागतो. असं करू नका. पाण्याबरोबर बारीक माती जाते, खोलगा आणखी खोल होतो आणि काठाला लिप वाढतो. डबक्याच्या सर्वांत खोल जागी वाटीएवढा खड्डा करा, पाणी तिथे गोळा होऊ द्या, हातपंपाने किंवा मगाने बादलीत काढा. राहिलेलं मोठ्या स्पंजने टिपा. मग तो खड्डा बुजवा, वरचा थर दंताळ्याने सुटा करा, ऊन-वारा लागू द्या, आणि अगदी शेवटी गरजेपुरती कॅल्साइन्ड क्ले टाका. डबक्यात थेट पाच-सहा पिशव्या ओतल्या तर त्याचा लगदा होतो आणि पैसेही जातात.

माती बुटाला चिकटून वर येत असेल तर कुणालाही स्किनवर जाऊ देऊ नका, कोचलाही. ओल्यात उमटलेले पाय वाळल्यावर दगड होतात. सकाळी वाफसा नसेल तर दुपारपर्यंत येतो, घाईने खणून येत नाही.

लाइनी

मातीवर खडूची भुकटी, गवतावर पाण्यात मिसळणारा रंग. भुकटी घेताना पिशवीवर कॅल्शियम कार्बोनेट लिहिलेलं पाहा. आपल्याकडे मैदानं चुन्याने आखतात, त्या सवयीने कुणी विरवलेल्या चुन्याची पिशवी आणली तर ती परत पाठवा. पोरं लाइनवर पोटावर घसरतात, आणि चुना ओल्या कातडीला आणि डोळ्याला भाजतो.

दोरी होमच्या टोकापासून फाउल पोलपर्यंत ताणा. लाइन दोरीच्या आतल्या बाजूला, कारण लाइन फेअरमध्ये, म्हणजे खेळाच्या हद्दीत, मोडते. बॅटर्स बॉक्स ६ फूट बाय ४ फूट, प्लेटपासून ६ इंचांवर. लाकडी चौकट करून ठेवली की पाच मिनिटांत ठसा उमटतो. फाउल लाइन बॉक्सच्या आत काढत नाहीत. फर्स्टच्या अलीकडच्या ४५ फुटांत तीन फूट बाहेर समांतर लाइन, धावणाऱ्यासाठी. जुना खडू दरवेळी खरवडून मिसळून टाका, नाही तर एप्रिलअखेर लाइनचा बांध होतो.

गवत

आमच्याकडे थंड हवेचं केंटकी ब्लूग्रास आहे, दोन इंचांच्या आसपास ठेवतो. एका कापणीत पात्याच्या एक तृतीयांशापेक्षा जास्त कापायचं नाही. सकाळी दहिवर गोठलेलं असताना गवतावर चालायचं नाही, पाती मोडतात आणि पावलांचे तपकिरी ठसे उमटतात. बी टाकणं आणि जमिनीला भोकं पाडून हवा देणं ही ऑगस्टअखेर ते सप्टेंबरची कामं, आणि ती ग्राउंड्स विभाग करतो. शाळेचं मैदान कृत्रिम टर्फचं असेल तर या लेखातला बराच भाग तुम्हाला लागणार नाही, तिथे माउंड, जाळ्या आणि पुढच्या सोयींकडे बघा.

बाकीच्या सोयी: काय तपासायचं

बॅकस्टॉप आणि डगआउटसमोरची (खेळाडू बसतात त्या आडोशासमोरची) जाळी हाताने ओढून पाहा. चेंडूएवढं भोक असेल तर ते आज दुरुस्त व्हायला हवं. बॅटिंग केजमध्ये (बॅटिंगच्या सरावाच्या जाळीबंद जागेत) पिचरपुढच्या एल-स्क्रीनच्या, म्हणजे त्याला वाचवणाऱ्या एल आकाराच्या जाळीच्या, कडेचं जाळं सर्वांत आधी झिजतं, ते बघा. कुंपणाच्या वरच्या तारांची टोकं पिवळ्या प्लास्टिकच्या नळीने झाकलेली असावीत.

बुलपेनचा (पिचर अंग गरम करतात त्या जागेचा) माउंड मुख्य माउंडच्या मापाचाच हवा. पुष्कळ ठिकाणी तो नुसता मातीचा ढीग असतो. मुलगा एका उतारावर अंग गरम करतो आणि दुसऱ्याच उतारावर खेळतो. तीच तिरकी फळी इथेही लावा. बुलपेन फाउल लाइनलगत, खेळाच्या हद्दीत असेल तर हेल्मेट आणि ग्लोव्ह घातलेला एक मुलगा पाठराखणीला उभा करा.

वीज कडाडली, मेघगर्जना ऐकू आली, की खेळ थांबतो आणि शेवटच्या गर्जनेनंतर ३० मिनिटं थांबावं लागतं. डगआउट ही विजेपासून सुरक्षित जागा नाही. मुलांना इमारतीत किंवा पक्क्या छताच्या गाडीत न्या. शनिवारी शाळा बंद असते, तेव्हा इमारतीची किल्ली कुणाकडे आहे आणि हृदय बंद पडल्यास लागणारं एईडी यंत्र कुठे टांगलं आहे, हे कामाला सुरुवात करण्यापूर्वी विचारा.

पैसे गोळा करणाऱ्या पालकांना एक गोष्ट माहीत असावी. १९७२ च्या टायटल नाइन कायद्यानुसार मुलींच्या सॉफ्टबॉलला आणि मुलांच्या बेसबॉलला मिळणाऱ्या सोयी एकूणात तुल्य हव्यात, आणि पैसा पालकांनी दिला म्हणून शाळेची ही जबाबदारी सुटत नाही. मला हा कायदा मनापासून पटतो. सॉफ्टबॉलच्या मुली शेजारच्या मैदानावर फुटक्या बाकावर बसलेल्या असताना आपल्या पोरांसाठी छप्पर घालायचं, हे बघवत नाही. म्हणून आमच्या गटाने दोन्ही मैदानांचा एकच निधी केला. त्याचप्रमाणे १९९० च्या अपंगत्वविषयक कायद्यामुळे प्रेक्षकांच्या बाकांपर्यंत व्हीलचेअर जाईल अशी वाट लागते. खडीची वाट चालत नाही, आजी-आजोबांनाही तिचा त्रासच होतो.

जवळ राहत असाल तर पॅटरसनचं हिंचलिफ स्टेडियम मुलांना जरूर दाखवा. १९३२ चं बांधकाम, शाळामंडळाच्या मालकीचं. निग्रो लीगचे (वर्णभेदाच्या काळातल्या कृष्णवर्णीय खेळाडूंच्या लीगचे) संघ तिथे खेळले, आणि गावातल्या ईस्टसाइड हायस्कूलचा लॅरी डोबीही. तो १९४७ मध्ये अमेरिकन लीगचा पहिला कृष्णवर्णीय खेळाडू झाला. १९९७ पासून ते बंद पडून होतं, झुडपं वाढली होती. २०२३ मध्ये पुन्हा उघडलं.

सामना संपल्यावरची तीस मिनिटं

वर्षाचा एक फील्ड डे आणि प्रत्येक सामन्यानंतरचा अर्धा तास यातलं एकच निवडायचं झालं तर अर्धा तास निवडा. मुलांना घरी सोडण्याआधी कामं वाटून द्या: दोघे माउंडवर, दोघे प्लेटपाशी, चौघे दंताळी घेऊन बेसपाथवर, दोघे खराटे घेऊन काठाला, एक जण पाईपवर. माझा मुलगा अकरावीत असताना मी एकदा घाईने माउंडच्या खड्ड्यात माती ओतणार, तेवढ्यात तो म्हणाला, “बाबा, आधी पाणी.” आणि हातातून पिशवी काढून घेतली.

क्रम असा ठेवा. आधी बेस काढून बुचं. माउंड आणि प्लेटचे खड्डे झाडणं, ओलावणं, भरणं, चोपणं. बेसपाथ लांबीने. स्किनवर जाळी. काठ झाडणं. मग एकदा सावकाश पाणी. शेवटी माउंडवर आणि प्लेटवर ताडपत्री, तिच्या कडांवर वाळूच्या पिशव्या, वाऱ्याच्या बाजूला जरा जास्त. ताडपत्रीखाली ओलावा राहतो आणि सकाळी माउंड वाफशावर मिळतो. मात्र ती दिवसचे दिवस तशीच ठेवू नका, भोवतालचं गवत पिवळं पडतं. ऊन आलं की उचला, वाळवा आणि घडी घालून शेडमध्ये, फळीच्या शेजारी.